बाबांचा शर्ट का उजळला नाही

त्या सकाळी बाबांनी चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि लेकीने लिहिलेली बातमी वाचायला घेतली. लेक एका विज्ञान मासिकात काम करायची. जगभरच्या प्रयोगशाळांत काय नवं सापडलं, कशावरून शास्त्रज्ञांची जुंपली आहे, ते साध्या माणसाला समजेल असं लिहायचं, हे तिचं काम. आणि साधा माणूस म्हणजे तिच्यापुरते बाबा. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं, असं ती धरून चालायची.

"म्हणजे जिवंत उंदराच्या अंगातून उजेड निघतो आणि उंदीर मेला की तो मावळतो. असंच ना?"

"असंच. पण बाबा, तो फार म्हणजे फार मंद असतो. आपल्या डोळ्याला दिसायचा सवालच नाही. गडद अंधारात खास कॅमेरा लावून बसावं लागतं."

"मग माझ्यातूनही निघत असेल?"

"सगळ्याच सजीवांतून निघतो. पेशींमध्ये सारखी रासायनिक घडामोड चाललेली असते, तिच्यातून उडणारे हे प्रकाशाचे कण."

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "ऐकलंस का गं? माझ्यातून उजेड पडतो म्हणे! घरात आयता दिवा असताना तू उगाच विजेची बिलं भरत बसलीस."

"एवढा उजेड पडतो, तर शर्टाला पुसलेला रंग कसा दिसत नाही?" आतून आईचा आवाज आला. "परत बाहीवर लाल फराटे. घासून घासून माझी बोटं झिजली, पण या माणसाला फडकं म्हणून सापडत नाही."

बाबा हसले आणि कागद लेकीला परत देत म्हणाले, "शेवटचा परिच्छेद फक्कड झालाय. नाहीतर लोक त्याला आत्मा म्हणून मोकळे होतील."

मग ते औषधांच्या एका दुकानाची पाटी रंगवायला गेले. दुपारी शिडीवरून उतरले, "जरा दम खातो" म्हणून स्टुलावर टेकले आणि भिंतीला डोकं लावून बसले ते उठलेच नाहीत.

लेकीने सगळं निभावलं. दाखले आणले, नातेवाइकांना कळवलं, भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. त्या घरात रडणं हे दात घासण्यासारखं ज्याचं त्याने एकट्याने उरकायचं काम होतं. ती ते नळ सोडून न्हाणीघरात उरकायची.

काही महिन्यांनी मावशी आली. ही आईची धाकटी बहीण. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते, पण त्या दिवशी ती अशी आली, की जणू ते आत्ताच बाजारातून परतलेत.

"ताई, यांचा प्रकाश दिसला गं मला! यांच्या बंडीतून! निळा, शांत. अगदी यांच्यासारखा."

"काका शांत होते?" लेकीने विचारलं.

"तू गप्प बस. तुम्हा शिकलेल्यांना दोन गोष्टी वाचल्या की चार शिंगं फुटतात. आणि हे काही बुवाबाजीतलं नाही हं. ते सर आहेत, संशोधक. परदेशातला प्रयोग आहे तो."

आईने त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी प्रथमच मान वर करून कोणाकडे पाहिलं. तेवढ्यासाठी लेक निमूटपणे दोघींबरोबर गेली.

सभागृह खच्चून भरलं होतं. दाराशी दोन बायका प्रत्येकाच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा झगा चढवत होत्या. जिवंतांचा प्रकाश मृतांच्या प्रकाशात मिसळू नये, हे त्याचं कारण. आत गेल्यावर तोंड मिटून बसायचं, हसायचं नाही, बोलायचं नाही. ओठ उघडले की प्राणतेज सांडतं, हे त्याचं कारण. कापड सुती हवं, पांढरं हवं आणि धुतलेलं हवं. मळात प्रकाश गुदमरतो, हे त्याचं. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. एवढी कारणं ज्याच्या खिशात सुटी खुळखुळतात, त्याच्याशी व्यवहार करताना माणसाने सावध राहावं. पण दुःखी माणसाला कारणांचीच भूक असते.

सर आले. काळा कोट, काळा सदरा, काळे हातमोजे. पाठीमागच्या पडद्यावर मोठं चित्र उमटलं आणि लेक खुर्चीत ताठ झाली. ती तिचीच बातमी होती! तिचा मथळा, तिची वाक्यं, उंदराचं तेच चित्र. फक्त शेवटचा परिच्छेद कातरून टाकलेला. त्यात तिने लिहिलं होतं, की हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मेल्यावर कशात साठून राहत नाही आणि त्याचा आत्म्याशी, तेजोवलयाशी काडीचा संबंध नाही. सरांची कात्री बरोबर जागेवर चालली होती. म्हणजे गडी अडाणी नव्हता. त्याने शेवटपर्यंत वाचलं होतं.

"मी बाबा नाही, महाराज नाही," सरांनी सुरुवात केली. "माझ्या पाया पडू नका. मी फक्त मोजतो. विज्ञान काय सांगतं? ऊर्जा नष्ट होत नाही. शाळेत शिकलात ना? मग माणूस गेला की त्याचा प्रकाश जातो कुठे? पेन्शन घेऊन गावी जातो का? नाही! तो सगळ्यांत जवळच्या वस्तूत मुरतो. आणि आयुष्यभर आपल्या सगळ्यांत जवळ कोण असतं? बायको? मुलं?" सर मिस्कील थांबले. "कापड! क्वांटम पातळीवर तुमचा माणूस आणि त्याचा सदरा एकच."

क्वांटम म्हटल्यावर सभागृहाने श्वास रोखला. हा शब्द अलीकडे फार कामाचा झाला आहे. पूर्वी अशा जागी 'दैवी' म्हणत. त्याला आता इस्त्री झाली, एवढंच.

दिवे मालवले. टेबलावर काचेची पेटी होती आणि तिच्या झाकणात सरांचा 'शोधक' बसवलेला. एक बंडी पेटीत गेली. खट् आवाज झाला, बारीक घूंऽ ऐकू आली आणि काळोखात ती बंडी निळसर पांढऱ्या उजेडाने अशी फुलून आली, की मागून एक हुंदका फुटला. एकामागून एक कपडे उजळत गेले. कुणाची ओढणी, कुणाचं लहानसं झबलं. त्या झबल्याच्या वेळी लेकीलाही मान फिरवावी लागली.

मग आईने पिशवीतून आणलेला बाबांचा शर्ट आत गेला.

खट् झालं. घूंऽ झालं. पेटीत अंधार.

कुजबुज सुरू झाली. सरांनी पेटीवर दोनदा टिचकी मारली, झाकण उघडून मिटलं. शर्ट काळाच. क्षणभर सरांचाही चेहरा कोरा पडलेला लेकीला जाणवला, कारण पुढचं वाक्य यायला वेळ लागला. पण आलं.

"अडथळा आहे," सर आवाज खाली आणत म्हणाले. "हा जीव जाताना दुखावलेला होता. जवळच्याच माणसाकडून. बाई, आठवा. शेवटच्या दिवशी कोण काय बोललं?"

आई उठून पेटीकडे निघाली आणि अंधारात ठेचकाळली. तिला सावरायला लेक पुढे वाकली, आणि पेटीच्या फटीसमोर झग्याबाहेर आलेली तिची पांढरी बाही लख्ख पेटल्यासारखी दिसली. तिने हात मागे घेतला. बाही विझली. हात पुढे केला. पेटली.

"अहो, झगा सांभाळा!" सर ओरडले. मग पुन्हा मधाळ आवाजात आईला म्हणाले, "शर्ट इथे ठेवून जा. पुढच्या बैठकीपर्यंत त्याची शुद्धी करू. पण तुमचीही शुद्धी हवी. औषधं घेता?"

"रक्तदाबाची गोळी... आणि हृदयाची."

"रसायनं! म्हणूनच तुमचा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आईने गोळ्या बंद केल्या.

"आई, गोळी घे."

"नको."

"डॉक्टरांनी बजावलंय, एक दिवससुद्धा..."

"डॉक्टरांनी तुझ्या बाबांना वाचवलं?" आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी बोलले त्यांना. डागांवरून बोलले. ते शब्द कानात घेऊन गेला तो माणूस. सगळ्यांची माणसं उजळली आणि माझंच विझलेलं. शर्ट उजळू दे, मग तू म्हणशील ते घेईन."

आठवडा सरत आला तशी आईच्या पावलांवर सूज चढली. चार पायऱ्या चढताना ती कठड्याला धरून उभी राहू लागली. डॉक्टर फोनवर लेकीवरच उखडले, "गोळी बंद केली म्हणजे काय? खेळ वाटला का तुम्हाला? घेऊन या त्यांना." आणायचं कसं? उचलून? आई हट्टाला पेटली, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हलणारी नव्हती.

लेकीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सजीवांचा तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणजे सभागृहात जे डोळ्याला दिसलं, ते दुसरंच काहीतरी होतं. आणि तिची बाही उजळली, तेव्हा ती बाही शोधकाच्या समोर होती. तिने कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा मागून आणला.

भर दुपारी तिने न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्याने झाकली, आईला आत बोलावलं आणि दिवा लावला. टॉवेल उजळला. उशीचा अभ्रा उजळला. लेकीचा कुडता उजळला, आईचं पोलकं उजळलं. तिला वाटलं, आता आईच्या डोक्यात उजेड पडणार.

आई बाहेर गेली आणि कपाटातून बाबांचे शर्ट घेऊन आली, छातीशी धरून, सगळेच्या सगळे. एकेक करून दिव्याखाली धरत गेली. सगळे अंधारे. एकही चमकला नाही.

"बघ," आई म्हणाली. "तुझा उजेड आहे. माझा आहे. टॉवेलाचासुद्धा आहे. फक्त त्यांचाच नाही."

ती खोलीत गेली आणि आतून कडी लागली.

लेक तिथेच पालथ्या बादलीवर बसली. करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं झालं होतं. पण आईने नकळत तिच्यासमोर खरा प्रश्न ठेवला होता. सगळ्या घरात फक्त बाबांचेच कपडे का नाहीत? तिने दिवा फिरवला. फळीवर कपडे धुवायच्या पावडरीचा डबा होता. झाकण काढलं, तर आतली पावडर निखाऱ्यासारखी निळी पेटली. शेजारी बशीत आईचा पिवळा साधा साबण होता. त्याच्यावर दिवा धरला. मातीच्या ढेकळासारखा थंड.

मग तिच्या ध्यानात आलं.

बाबांची कातडी रंग, टर्पेंटाइन यांनी तरुणपणीच नासली होती. पावडरीत धुतलेला कपडा अंगाला लागला, की पाठ लाल व्हायची, रात्रभर खाजवायचे. बाजारातले पांढरेशुभ्र शर्टही सोसत नसत. म्हणून आई कोरं, साध्या सुताचं कापड आणून त्यांचे शर्ट स्वतः शिवायची आणि घरादाराचे कपडे यंत्रात गेले, तरी त्यांचे वेगळे काढून, साध्या साबणाने, हाताने धुवायची. लग्नापासून हे असं चाललेलं. इतकं रोजचं, की घरात कुणाला दिसतही नव्हतं.

ती आईच्या दाराशी गेली. "आई, साबणामुळे आहे गं ते. तू त्यांचे कपडे..."

"पुरे आता," आतून आवाज आला. "तुझा दिवा किराणावाल्याचा, सरांचा प्रयोगशाळेतला. मला शर्ट उजळलेला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात संपादकांना सगळं सांगितलं. संपादक अवाढव्य, घामाघूम आणि भांडायला कायम तयार असायचे.

"आपली बातमी कापून लावलीय?" ते गरजले. "परवानगी न घेता? वरून शेवटचा परिच्छेद उडवून? अगं, तो तर मीसुद्धा उडवला नव्हता!"

"मला एक कापड पाहिजे. पांढरं, सुती, भरपूर धुतलेलं."

संपादकांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथे जुना प्रिंटर होता. गेल्याच महिन्यात बिघडून कायमचा थंडावलेला, आणि संपादकांच्या जीवावर आल्यामुळे भंगारात न गेलेला. त्याच्यावर पांढरं सुती आवरण होतं. साफसफाईच्या बाई ते मूठमूठ पावडर घालून धुवायच्या.

"घेऊन जा," संपादक गंभीरपणे म्हणाले. "बिचारा फार सोसून गेला. मीही येतो."

बैठकीच्या दिवशी आई धापा टाकत सभागृहात पोचली. मावशीने एका बाजूने धरलं होतं, लेकीने दुसऱ्या. संपादक मागच्या रांगेत बसले. त्यांच्या मापाचा झगाच नव्हता, त्यामुळे पुढची बटणं उघडी आणि पांढरा शर्ट पोटावरून डोकावत होता.

सरांनी पहिलाच मान आईला दिला. "शुद्धी झाली आहे. आता पाहू, त्यांनी तुम्हाला क्षमा केली का."

खट्. घूंऽ.

बाबांचा शर्ट पेटीत चांदण्यासारखा उजळला.

"अहो..." आई म्हणाली. एवढंच. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की लेकीला वाटलं, उठावं, आईला घेऊन घरी जावं आणि जन्मात तोंड उघडू नये. शर्ट उजळला. आई आता गोळ्या घेईल. मग बिघडलं कुठे?

तेवढ्यात सर म्हणाले, "बघितलंत? गोळ्या सोडल्या आणि वाट मोकळी झाली. आता पुन्हा धरू नका. धरल्या, तर हा उजेड परत विझेल."

आईने मान हलवली. नम्रपणे, शाळेतल्या मुलीसारखी.

लेक उठली. "सर, माझ्याकडेही एक कापड आहे."

"या, या. कोणाचं?"

"आमच्या ऑफिसातले होते. खूप वर्षं होते."

कापड पेटीत गेलं आणि असं झगझगलं, की पहिल्या रांगेने डोळे बारीक केले. सरांचा आवाज भरून आला.

"केवढं हे तेज! फार वरच्या पातळीवरचा जीव आहे. शब्दांशी संबंध होता का त्यांचा?"

"आयुष्यभर."

"वाटलंच! स्वभावाने शांत?"

"नाही, आवाज फार करायचे. आणि ऐन घाईच्या वेळी अडून बसायचे."

"मानी माणूस! शेवट कसा झाला?"

"कागद अडकला."

मागून संपादकांच्या तोंडून काहीतरी फुटलं. ते खोकल्यासारखं होतं, पण खोकला नव्हता.

"कागद?" सर म्हणाले.

"प्रिंटर होता तो, सर. हे त्याच्यावर घालायचं आवरण. त्याला जीव नव्हता, शाई होती. तीही वेळेवर मिळायची नाही."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि पेटीच्या उजेडात त्याचे दात निळे चमकले.

"हे पाहा," सर सावरले. मानलं पाहिजे, मांजर कसंही टाका, पायांवरच पडतं. "त्या कापडाला हाताळणाऱ्या जिवंत माणसांचा प्रकाश आहे हा. दुःखाने या बाईंचं मन..."

"आणि हा कोणाचा?" लेकीने पर्समधून पुडी काढली, फोडली आणि पेटीत मूठभर पावडर ओतली. निळा ढीग धगधगला. "ही दुकानातून आत्ता आणलेली पुडी आहे. तुमच्यादेखत फोडलेली. सांगा सर, हिच्यातलं कोण वारलं?"

आता मात्र हशा पिकला. लेक हसली नाही.

"मी सांगते," ती म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. "या झाकणात नोटा तपासायचा असतो तसला दिवा आहे. त्याचे किरण आपल्याला दिसत नाहीत. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत एक रसायन घालतात. ते न दिसणारे किरण शोषतं आणि त्यांचा दिसणारा निळा उजेड करून बाहेर टाकतं. ते कापडाला चिकटून राहतं. कापड नवऱ्याचं असो की प्रिंटरचं. म्हणून यांना पांढरं, सुती आणि धुतलेलंच कापड लागतं. म्हणून आपल्याला काळे झगे. काढा ते झगे, आणि बघा एकमेकांकडे."

तिने झाकणातला दिवा लोकांकडे वळवला. सगळ्यांत आधी संपादकांनी झगा फेकला आणि त्यांचं पोट पौर्णिमेसारखं उगवलं. मग इकडे एक कॉलर, तिकडे एक पदर. सर दिवा बंद करायला धावले, पण मावशी आडवी आली.

"थांबा! ठेवा तो चालू. मला माझी बंडी परत बघायचीय. पावडरीने न धुता."

"ताई, तुमचे यजमान..."

"यजमान गेले! त्या बैठकीत तुम्ही त्यांना शांत म्हणालात तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जन्मात कधी शांत नव्हते ते."

"हा अपप्रचार आहे!" सर ओरडले. "मग हिच्या बापाचा शर्ट आधी का उजळला नाही? सांगा! मी शुद्धी केली, तेव्हाच उजळला ना?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

आई उठून पेटीपाशी गेली होती. तिने शर्ट बाहेर काढला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा पार बदलला. त्या चेहऱ्याला लेक लहानपणापासून ओळखत होती. दुकानदाराने वजनात मारलं, की तो दिसायचा.

"हा पावडरीत धुतलात तुम्ही?"

"शुद्धी..."

"पावडरीत बुचकळलात! कसला तो वास!" आईला दम लागत होता, तरी शब्द थांबत नव्हते. "अहो, चालत नाही त्यांना! पाठ सोलवटून निघते त्यांची. इतकी वर्षं मी या हातांनी साध्या साबणाने एकेक शर्ट धुतला, पाहुणे असोत, आजारपण असो, कधी पावडरीचा कण लागू दिला नाही. आणि तुम्ही खुशाल..." ती थांबली. शर्टाकडे बघत राहिली. "म्हणजे... म्हणून उजळत नव्हता?"

"हो, आई," लेक म्हणाली. "इथल्या सगळ्या कपड्यांत रसायन होतं. बाबांच्यात नव्हतं, कारण तू ते कधी लागूच दिलं नाहीस."

सर काखोटीला कोट मारून मागच्या दाराने सटकले. पेटी तिथेच राहिली. पुढे कळलं, की ते दुसऱ्या गावी पाण्याच्या स्मरणशक्तीवर व्याख्यानं देतात आणि गर्दी चांगली होते. होणारच. दुःखाला तोटा नाही आणि विज्ञानाच्या बातम्या रोज येतात. त्यांतलं अर्धं वाक्य कापून कोणालाही विकता येतं.

लोक उठायला तयार नव्हते. एका बाईने विचारलं, "पण ऊर्जा नष्ट होत नाही, हे तर खरं ना?"

ही ती झबल्यावाली बाई होती. लेकीचा सगळा तिरस्कार निघून गेलेल्या माणसासाठी होता. हिच्यासाठी तिच्याकडे तो नव्हता.

"खरं आहे," ती म्हणाली. "शेगडी विझली, की तिची उष्णता खोलीतल्या हवेत जाते. नष्ट होत नाही. पण त्या हवेला आपण शेगडी म्हणत नाही, आणि तिच्यावर भात शिजत नाही. तुम्हाला कोणी विज्ञानाच्या नावाने काही सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, की हेच दुसऱ्या कशाने होऊ शकतं का, ते तपासलं का? जो खरा शोधतो, तो 'या, तपासा' म्हणतो. जो अंधार करून तोंड मिटायला सांगतो आणि चालू औषधं सोडायला सांगतो, तो शोधत नाही, लुबाडतो. ते झबलं घरी न्या, बाई. ते तुमच्या बाळाचं आहे, म्हणून जपा. त्याला चमकायची गरज नाही."

बाहेर रणरणतं ऊन होतं. मावशी आणि संपादक रिक्षा शोधायला पुढे गेले. आई रस्त्याकडेच्या ओट्यावर बसली. लेकीने पर्समधून गोळी आणि पाण्याची बाटली काढली. आईने गोळी गिळली, आणि शर्टाची घडी मांडीवर ठेवली.

"मी बोलले होते त्यांना. डागांवरून."

"तू रोजच बोलायचीस, आई. ते रोज हसायचे. हृदयाची धमनी बोलण्याने बंद होत नाही. ती आतून भरत आली होती, कितीतरी वर्षं. कुणालाच कळलं नाही."

आईने शर्टाची कॉलर सरळ केली. रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी खडखडत वर ढकललं.

"मग ते कुठे आहेत गं?"

लेकीकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. तिने ते सोप्या भाषेत कितीदा लिहिलं होतं, उंदरांविषयी, ताऱ्यांविषयी. पण भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती आजवर 'बाबा गेले' म्हणत आली होती, आणि त्याच्या पुढचं काही कुणापाशीच बोलली नव्हती.

"कुठेच नाहीत," ती म्हणाली. "बाबा मेले, आई. आणि मला ते हवेत. मला रोज सकाळी ते हवे असतात."